तिसरी नळी

क्लायपेदाच्या इस्पितळात, तळघरातल्या या खोलीला खिडकी नाही,
पण बंदराचा भोंगा भिंतीतून आत येतो.
टेबलावर बर्फ, बर्फात तीन नळ्या,
तिन्हींवर एकच आकडा : एकेचाळीस.
नाव लिहायचं नसतं, असा नियम आहे.
तरी मला ठाऊक आहे, हा गिंतौतास,
चाळीस वर्षं जहाजांच्या पोटाखाली उभं राहून
गंज खरवडणारा.

कागदावर सही करताना म्हणाला,
"बाई, रक्त तीनदा कशाला?"
"तुमच्या आत किती गंज चढतो, ते बघायला."
एवढा हसला
की कानातलं यंत्र शिटी वाजवू लागलं.

पहिली नळी भुलीच्या आधीची :
रात्रभराचा उपास, गुडघ्यावर निळ्या शाईचा बाण,
मुठीत बायकोने दिलेला, समुद्राने कधीतरी फेकलेला
पिवळ्या राळेचा मणी. तो मणी नर्सने काढून घेतला.
मग युरगिता डॉक्टरांनी शिरेत
दुधासारखं पांढरं औषध सोडलं.
"दहापासून उलटे मोजा."
दहा, नऊ, आठ, सात.
सहा कुठे गेला, हे तिथे कुणी विचारत नाही.

त्याला भूल पडली,
पेशींना नाही.
त्या जाग्याच होत्या, दिवे लावून बसलेल्या.

मांडीला पट्टा आवळला.
पंचाहत्तर मिनिटं पायात रक्ताचा थेंब नाही,
करवत, हातोडी, सिमेंट,
आणि रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.
मग पट्टा सोडला.
खरं नुकसान इथे सुरू होतं. रक्त जातं तेव्हा होतं त्याहून
रक्त परत येतं तेव्हा जास्त.
उपाशी घरात एकदम वऱ्हाड घुसावं
तसा शिरतो प्राणवायू,
आणि ज्याच्या नावातच प्राण
तोच भिंती खरवडू लागतो.

हे त्यानेच मला आधी सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत :
"जहाज बुडालेल्या भागात तेवढं सडत नाही, बाई.
कोरड्या भागातही नाही.
जिथे लाट लागते नि ओसरते,
पुन्हा लागते,
त्या हातभर पट्ट्यात लोखंड खचतं."
पुस्तकात हे मला चौदा पानांत सापडलं होतं.

निम्म्यांना पुढे वायूवर झोपवतात,
निम्म्यांना त्याच पांढऱ्या औषधावर.
कशाने कमी जळतं, एवढाच प्रश्न.
छापून आलेले निबंध आपापसांत भांडतात.
एकेचाळीस कुठल्या गटातला, मला सांगत नाहीत.
न सांगण्यावरच सगळा भरवसा.

रक्त फिरवायचं, वरचं पिवळं पाणी घ्यायचं,
आम्ल घालायचं, उकळत्या भांड्यात ठेवायचं.
जेवढं जळलं असेल, तेवढं गुलाबी.
थांबायला लागतं.
दुपारी चिरलेलं सफरचंद डब्यात तांबूस पडलंय.
मी ते तसंच खाते.

पहिली नळी : पहाटेच्या ढगाची कड.
दुसरी, पट्टा सुटल्यानंतरची : बीटाचं सूप,
त्यात अजून दही घातलेलं नाही.
तिसरी, दुसऱ्या दिवसाची,
पुन्हा फिकट. पहिलीइतकी नाही.
पण उतरणीला लागलेली.

एका माणसाने काही सिद्ध होत नाही.
मी वहीत तीन आकडे लिहिले,
शून्य नीट गोल काढलं,
आणि नियम मोडून तिसऱ्या मजल्यावर गेले.

काळा पाव खात होता. बोटांच्या रेघांत
कुठल्याच साबणाने न गेलेला विटकरी रंग.
"किती?" म्हणाला.
"सांगता येत नाही."
"म्हणजे आहे."
"सगळ्यांतच असतो."
त्याने मान डोलावली, जहाज तपासून झाल्यासारखी.

जिन्यात नर्स भेटली, हसत होती.
काल शुद्धीवर आला तेव्हा, म्हणाली,
बायकोचं नाव नाही, पाणी नाही,
डोळे मिटलेलेच, आणि अगदी स्पष्ट :
"सहा."